पुजलेली बंदूक

गेल्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या शेनान्डोआच्या डोंगरात संग्रामने अस्वलाला गोळी घातली, आणि ते लगेच मेलं नाही. अर्धा तास दरीत माणसासारखं कण्हत राहिलं. हर्नडनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसलं तरी ते कण्हणं त्याच्या कानातून जाईना. जीव घ्यायचाच तर एका दमात घ्यावा, त्या मुक्या जिवाला तळमळवणं हे पाप, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि आपली जुनी थर्टी-ओ-सिक्स रायफल घेऊन तो डेलकडे गेला.

डेल सत्तरीतला बंदूक-कारागीर. काडतूस बसतं ते घर त्याने मोठं कोरलं, आणि त्यात आता थ्री हंड्रेड मॅग्नम हे जास्त जोराचं काडतूस बसू लागलं. देताना म्हातारा म्हणाला, "जुनं काडतूस तुझ्या चुका पोटात घालायचं. हे नाही घालणार. भरण्याआधी नळीतून आरपार बघायचं. दर वेळी."

संग्राम बघायचाही. मग नवरात्र आलं, आणि कोल्हापूरहून आई आली. खंडेनवमीला तिने रायफल, शिकारीचा सुरा आणि सुनेचा लॅपटॉप अशी यथासांग पूजा मांडली. शस्त्राचं तोंड आधी पुजायचं म्हणून तुपाकुंकवात कालवलेल्या मूठभर अक्षता तिने नळीत सोडल्या, वर झेंडू खोवला, आणि रायफल देवघराच्या कोपऱ्यात उभी केली. ती महिनाभर तशीच.

शिकारीच्या सकाळी झेंडू काढून त्याने साफ करायचा गज हातात घेतला.

"पूजेचं पुसतोस? शिकारीला जाताना?" आई म्हणाली. "परत आलास की पूस हवं तर."

तिचा चेहरा बघून त्याने गज खाली ठेवला. नळीतून बघितलंही नाही. बघितलं असतं तर पुसावं लागलं असतं. देव भावाचा भुकेला खरा, पण बंदुकीला भाव कुठला कळतोय!

बरोबर निमिष होता, ऑफिसातला नागपूरचा मित्र. पहिलीच शिकार त्याची.

"अस्वल दिसलं तर पहिला चान्स माझा, यार. तुझी तोफ राहू दे."

अस्वल दिसलं. निमिषने घाईत गोळी झाडली, ती लागली मागच्या पायाला. जनावर गर्रकन वळलं आणि चढाव कापत सरळ त्याच्या अंगावर आलं. रायफल एकीकडे, निमिष एकीकडे. अस्वलाने त्याच्या डोक्यात दात रुतवून कातडं ओढलं, तसं कपाळापासून हाड पांढरं दिसलं.

"संग्राऽऽम!"

अस्वलाने मान वर केली. दहा पावलांवर होतं. संग्रामने नेम धरला आणि चाप ओढला.

नळी मधोमध केळ्याच्या सालीसारखी उलगडली. डाव्या हाताची तीन बोटं गेली. डोळ्यात रक्त, कानात नुसती शीळ. अस्वलाला ओरखडासुद्धा नाही. ते पुन्हा निमिषवर वाकलं.

संग्रामने उजव्या हाताने सुरा उपसला, अस्वलाच्या पाठीवर झेप घेतली आणि पुढच्या पायामागे बरगडीत पातं मुठीपर्यंत खुपसलं. पंजाने त्याची मांडी फाडली. त्याने पुन्हा खुपसलं. आणि पुन्हा. ऊन ऊन रक्त कोपरापर्यंत आलं, तेव्हा कुठे ते धूड निमिषच्या अंगावर शांत झालं. एका दमात काही झालं नाही.

चौथ्या दिवशी डेल फुटलेल्या नळीचा पुढचा तुकडा घेऊन हॉस्पिटलात आला. चादरीवर त्याने तो ठोकला, तसे तीन-चार लाल दाणे पडले.

"तांदूळ?" डेल म्हणाला. "बंदुकीत?"

खुर्चीतली आई पांढरीफटक पडली. "माझ्याच हातच्या रे..." म्हणत तिने स्वतःच्या तोंडात मारायला हात उचलला. संग्रामने धड हाताने तिचं मनगट धरलं.

"आई, तू पूजा केलीस. नळीतून बघायचं काम माझं होतं. मला माहीत होतं."

पलीकडच्या खाटेवरून पट्ट्यांत गुंडाळलेलं डोकं हललं.

"काकू, सुरा पण पुजला होता ना?" निमिषने विचारलं.

"हो रे बाळा."

"मग रडता कशाला? मी आहे ना अजून."

त्यावर तर काकूंना रडू आवरेना. डेल विचारत राहिला, काय म्हणाला हा. त्याला कुणीच सांगितलं नाही.