पेनाचा खटका

नजीरने पेनाची टोपी काढून बाजूला ठेवली आणि डोळ्याला भिंग लावलं. शाई ओढायचा पितळी खटका मुळातच तुटला होता. भोरच्या कचेरीशेजारच्या या दुकानात तो कुलपं, चष्मे, कंदील, काय म्हणाल ते दुरुस्त करायचा. पण पेन हातात आलं की स्वारीची मान जरा ताठ होई.

समोर फुलाबाई बसली होती. हिर्डोशीहून उजाडायच्या आत निघून ती चालत आली होती. पेन तिच्या नवऱ्याचं, रखमाजीचं. तो लढाईवरून परतला, पण चार महिने पुण्याच्या लष्करी दवाखान्यातच होता. 'ताप आहे, बरा होऊन येतो,' एवढंच दर पत्रात असायचं. गावचा गेनबा त्याला भेटून आला तेव्हा हे पेन दुरुस्तीला घेऊन आला, आणि उद्या तोच ते परत नेणार होता.

"बरा हाय ना गडी?" नजीरने विचारलं.

"बरं हाय म्हनत्यात."

खटका सरळ ओढून तुटलेला नव्हता, आडवा पिळून तुटला होता. नजीरने पेन फिरवलं. मागच्या टोकाला दातांचे वण होते, सगळे एकाच जागी. मग त्याने निब उजेडात धरली. फौजेत जाताना रखमाजीला इथंच बसवून, चार ओळी लिहायला लावून, त्याच्या उजव्या हाताच्या वळणाप्रमाणे ती त्याने दगडावर घासून दिली होती. आता तिची नेमकी उलटी बाजू झिजली होती.

दोन्ही हात धड असलेला माणूस पेन दातांत धरून शाई भरत नाही.

निब सरळ केल्याशिवाय पेन गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, असा त्याचा नेम. त्याने दगड काढला, पाण्याचा थेंब टाकला, पण ही निब आता डाव्या हाताला बसलेली, म्हणून तसाच पुसून परत ठेवून दिला. बाईला आपण कशाला सांगायचं? ज्याचं त्याने सांगावं. पितळेची पट्टी कापून त्याने होता तसाच खटका बसवला आणि पेन पुढं केलं.

फुलाबाईने ते डाव्या हातात घेतलं. उजवा हात पदराखाली घेतला. पेन छातीशी दाबून तिने अंगठ्याने खटका उचलून पाहिला. दोनदा निसटला.

"नजीरभाई, ह्यो लांब करून द्या. येका अंगठ्यानं उघडला पायजे."

नजीरने डोळ्यावरचं भिंग काढलं.

"गेनबा बोलला का काय?"

"कुनी न्हाई बोललं. मला वाचाया येत न्हाई, पर बगाया येतं. त्यांची अक्षरं पयली उजवीकडं वाकायची. आता डावीकडं पडत्यात. सासूबाईस्नी म्या सांगितलं न्हाई."

नजीरने पेन परत घेतलं. नव्या खटक्यावरून त्याचा अंगठा उगाच फिरत राहिला.

"वैनी, त्यानं तुमच्यापासनं लपवलंय. खटका लांब केला, तर तुमाला कळलंय हे त्याला कळंल."

"कळू द्या," फुलाबाई म्हणाली. "न्हाईतर म्या येवढं चालत कशाला आले असते? गेनबालाच धाडलं नसतं व्हय हितं?"

नजीरने बसवलेला खटका उपसून काढला आणि नवी पट्टी कापायला घेतली.