भांडणाचं वर्तुळ

माझ्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पारोळ्यापासून सात किलोमीटरवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिथे मी सहावीला विज्ञान शिकवतो, आणि घोकून आलेलं पोर दिसलं की माझं डोकं फिरतं. "स्थायूला आकार असतो, द्रवाला आकार नसतो," असं एका दमात म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! अरे, पण तू कधी तेल सांडून पाहिलंस का? म्हणून पुस्तक मिटायचं आणि घरून वस्तू आणायच्या, असा माझ्या वर्गाचा शिरस्ता.

एक्क्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. मी फरशीवर खडूने तीन मोठी वर्तुळं काढली होती: स्थायू, द्रव आणि वायू. ज्याने त्याने आपली वस्तू आपल्या मते बरोबर त्या वर्तुळात ठेवायची आणि तिथेच का ठेवली ते सांगायचं. कौतिकने मिठाचा खडा आणला, रुपचंदने रॉकेलची शिशी. गूळ आला, सरकी आली, नदीतला गोटा आला. चिंधा तर सायकलची फुगवलेली ट्यूब गळ्यात घालून आला आणि ऐटीत वायूच्या वर्तुळात जाऊन उभा राहिला.

"तू वायू आहेस का रे?" मी विचारलं.

"मी नही गुरुजी. मनी ट्यूबमा हवा शे."

"आणि ट्यूब?"

चिंधाने डोकं खाजवलं. "ट्यूब स्थायू. मंग एक पाय तठे ठेवू का?"

वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही. लगेच सुकदेव तुपाची वाटी घेऊन पुढे आला. थंडीने तूप गोठून घट्ट झालं होतं. त्याने ती वाटी स्थायूत ठेवली, तसा चिंधा ओरडला, "दुपारले पातळ व्हई जाई ते!" सुकदेव म्हणाला, दुपारचं दुपारी बघू. दोघांची जुंपली, अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. मी निकाल देणारच होतो, की आत्ता घट्ट आहे ना, मग आत्ता स्थायू, विषय संपला. तेवढ्यात मागच्या रांगेतली मंजुळा उठून उभी राहिली. ही पोरगी नवीन होती. तिचे वडील वीज मंडळात लाइनमन, महिन्याभरापूर्वी जामनेरहून बदलून आलेले.

"गुरुजी, चौथं राहिलं," ती म्हणाली.

"चौथं काय?"

"वर्तुळ. भांडणाचं." मला कळलं नाही असं समजून ती सावकाश सांगू लागली. "ज्याच्यावरून भांडण होतं, ते त्याच्यात ठेवायचं. मग ज्याने आणलं त्याने घरी दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायची, आणि ते कसं वागलं ते उद्या येऊन सांगायचं. आमच्या सुनंदाबाई असंच करायच्या."

सुनंदा! 'कसं वागलं' हे शब्दसुद्धा तिचेच! मी खुर्चीवर बसलो आणि पोरांना म्हटलं, काढा रे कोणीतरी चौथं वर्तुळ. चिंधाने वाकडंतिकडं काढलं. मी ते नीटही केलं नाही.

सुनंदा माझ्याबरोबर जळगावच्या अध्यापक विद्यालयात होती. ती यावलकडची, केळीवाल्यांच्या घरातली; मी पारोळ्याकडचा. मी बोलताना 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं की ती हसायची, ती तिच्या घरच्या बोलीवर गेली की मी हसायचो. सराव पाठासाठी आमची जोडी लावली होती. तीन वर्तुळांची कल्पना माझी, आणि मला तिचा केवढा अभिमान! तर ही बाई म्हणते कशी, "पिठाचं काय करणार? ओतता येतं, डब्यात घातलं की डब्याचा आकार घेतं. मग ते द्रव का नाही?"

"कण बघा ना, कण! एकेक कण स्थायू आहे."

"तुम्हाला दिसतो कण. पोरांना दिसायला वेळ नको? जे ठरत नाही त्याला हाकलू नका, जागा द्या."

दुपारभर आम्ही व्हरांड्यात पिठावरून भांडलो. संध्याकाळी चौथं वर्तुळ मान्य करूनच उठलो. पाठ बघायला आलेल्या सरांनी शेरा मारला, 'पाठात विनाकारण गोंधळ'. त्या शेऱ्यावर आम्ही दोन दिवस हसत होतो. आणि त्याच दोन दिवसांत मला कळून चुकलं, की जन्मभर भांडायचं तर हिच्याशीच.

एक्क्याऐंशीला परीक्षा संपली. निरोपाच्या दिवशी मी धीर करून तिला म्हणालो, "येत्या आखाजीला तुमच्या गावी येतो. आबांशी बोलतो." तिने नुसती मान हलवली. आबा म्हणजे तिचे वडील. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घर माणसांनी भरलेलं असतं. असल्या दिवशी माणूस नाही म्हणत नाही, असा माझा हिशेब होता. आखाजीच्या सकाळी मी इस्त्रीचे कपडे घातले आणि चुलत्यांना खरं काय ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ती लोकं वेगळी, आपण वेगळे. दारातून हाकललं तर तोंड कोठे दाखवशी?" झालं! माझी पाचावर धारण बसली. मी दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिलो आणि मग कपडे बदलले. गेलो नाही, पत्रही टाकलं नाही. भ्यालो, दुसरं काही नाही.

त्यानंतर लग्नच केलं नाही. विचारणाऱ्याला कधी बहिणीची जबाबदारी सांगायचो, कधी पत्रिका. चौथं वर्तुळही कधी काढलं नाही. ते तिचं होतं, आणि तिच्यामागे ते वापरायचं मला तोंड नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी मंजुळाला बोलावलं. तुमच्या बाई अजून जामनेरलाच आहेत का? आहेत. कुठे राहतात? शाळेमागेच. घरी कोण कोण? त्यांची आई. आणि? आणि कोणी नाही. मग मी विचारलं, "बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र असतं का गं?" पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. अरे देवा, बारा वर्षांच्या पोरीला मी काय विचारत होतो! मला माझीच शरम वाटली. पण "नाही" असं ती म्हणाली, आणि ते मी ऐकलं.

घरी अक्का होती. ही माझी मोठी बहीण, नवरा गेल्यापासून माझं घर तीच बघते. तिला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "दहा वरीस झोपेल व्हता का रे? आते तुले कोन पोर दी?" असं म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून माझ्यासाठी दशम्या करून बांधून दिल्या. मी रजेच्या अर्जात दातदुखी लिहिली आणि निघालो.

पारोळा ते जळगाव, जळगाव ते जामनेर. एसटीत खिडकीशी बसून मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. आधी त्या आखाजीची माफी मागायची. मग विचारायचं, आता चालेल का? ती बत्तीसची असेल, मी चौतीसचा. तसा काही उशीर झालेला नाही, असं मी मनाशी म्हणत होतो. एकच धास्ती होती. आपल्याकडे कोणीही कोणालाही भाऊ म्हणतं. ती मला भाऊ म्हणाली तर तिथूनच परतायचं, असं मी ठरवलं.

ती शाळेच्या नळाशी प्रयोगाच्या बाटल्या विसळत होती. मला बघून उठली, पदराला हात पुसले. जराशी जाड झाली होती आणि चष्मा लागला होता. मला ती इतकी आवडली की जुळवलेलं सगळं विसरलो.

"अहो पितांबर!" ती म्हणाली. "केस कुठे ठेवून आलात?"

भाऊ नाही म्हणाली. मला एवढं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

सुट्टी संपायला वेळ होता. आम्ही पायरीवर बसलो. मी तिला मंजुळाचं सांगितलं. तिच्या वर्गात अजून चौथं वर्तुळ काढतात हे ऐकून मी निघालो, असंही सांगितलं.

"पोरांना आवडतं म्हणून काढते हो," ती हसून म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

मग मी माफी मागितली. चुलत्यांचं बोलणं, ओटा, बदललेले कपडे, काही लपवलं नाही. दहा वर्षं एक आखाजी अशी गेली नाही की मला त्या दिवसाची आठवण झाली नाही, हेही सांगितलं.

"त्या आखाजीची माफी कशाला मागता?" ती म्हणाली. "तेव्हा आला असतात तर मी नाहीच म्हणणार होते. आबांना तसं सांगूनही ठेवलं होतं. मला आधी नोकरी हवी होती. लग्न करून पारोळ्याला भाकऱ्या थापत बसले असते तर शिकवणं राहूनच गेलं असतं. तुम्ही आला नाहीत, मला सुटल्यासारखं वाटलं."

"सुटल्यासारखं?" मी म्हटलं.

"नोकरी लागली त्र्याऐंशीला," ती पुढे म्हणाली. "मग पुढच्या आखाजीला वाटलं, आता येतील. तेव्हा मी हो म्हणणार होते. त्याच्या पुढच्या वर्षीही. पाच वर्षं वाट पाहिली मी. आईने स्थळं आणली, सगळ्यांना नाही म्हटलं. तुम्ही आला नाहीत."

"मला वाटलं, एकदा चुकलं ते चुकलं. आता कोणत्या तोंडाने जायचं?"

"वर्गात पोराचं उत्तर एकदा चुकलं तर परत विचारत नाही का तुम्ही?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "इतका राग येतो ना तुम्हाला सगळ्यांचा! त्यातला थोडा धरून एखाद्या वर्षी आला असतात. भांडायला तरी."

मी दहा वर्षं त्या एका दिवसाचं ओझं वाहत होतो, आणि त्या दिवशी मी काहीच गमावलं नव्हतं. गमावली ती पुढची पाच वर्षं, घरी बसून स्वतःला दोष देण्यात.

"आणि आता?" मी विचारलं. न विचारता परत जाणं मला शक्य नव्हतं.

तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला.

"आता नाही," ती म्हणाली. "तुमच्यावर राग आहे म्हणून नाही. मला एकटं राहायची सवय झालीय. बरं चाललंय माझं, खरंच. ते पुन्हा विस्कटायचा धीर आता माझ्यात नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण आलात, विचारलंत, हे चांगलं केलंत. तुम्ही मला विचारलंच नाहीत असं आता राहणार नाही."

घंटा झाली. ती बाटल्या उचलून वर्गात गेली. माझी तीनची गाडी होती, ती मी जाऊ दिली. वर्गाबाहेरच्या पायरीवर शाळा सुटेपर्यंत बसून राहिलो. ती आत पोरांना रागावत होती, हसवत होती, आणि मी दहा वर्षांत न ऐकलेला तिचा आवाज ऐकत होतो. मी बाहेर बसलोय हे तिला खिडकीतून दिसत होतं. ती मला जा म्हणाली नाही. आत या, असंही म्हणाली नाही.