सुकटाच्या वासाचा वॉकमन

कौसाबाईची माफी मागायला जायचं, तर महेंद्रला सोनिवलीतली एक गल्ली ओलांडावी लागली असती. त्यापेक्षा उल्हासनगरला जाऊन कपॅसिटर आणणं त्याला सोपं वाटलं. माणूस शिकलेला होता, अंबरनाथच्या कारखान्यात मेन्टेनन्सला होता, आणि बंद पडलेल्या वस्तूंशी त्याचं चांगलं जमायचं. वस्तू रुसत नाहीत. रुसल्याच, तर त्यांच्या पाया पडावं लागत नाही.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी महेंद्रच्या स्वतःच्या हळदीत गावची धवलारीण कौसाबाई लग्नाचं गाणं, म्हणजे धवला, म्हणत होती. नदीला, झाडांना, देवांना, मग दोन्हीकडच्या वाडवडलांना एकेक करून आवतण देत धवला पुढे सरकतो, आणि तो पुरा झाल्याशिवाय हळद लागली असं त्या घरात कुणी मानत नाही. कौसाबाई निवांत गाणारी. तिची उल्हास नदी अजून मांडवात यायची होती, आणि डीजेवाल्याची बोली तासावर ठरलेली. नवरदेवाने पाटावर बसल्याबसल्या, हळदीच्या हाताने, डीजेवाल्याला अंगठा वर करून दाखवला. पुढचं सगळ्या गावाने ऐकलं. पत्रे हलत होते, न ऐकून करतात काय? कौसाबाई उठली, पदर झटकला आणि न जेवता गेली. तेव्हापासून त्या घरच्या कुठल्याही कार्याला तिने पाऊल टाकलं नव्हतं.

आता बहिणीचं, भावनाचं, सनीशी लग्न रविवारवर आलं होतं. आईने, रखमाबाईने, एकदाच काय ते सांगून टाकलं: कौसाबाईचा आवाज कानावर पडल्याशिवाय माझ्या लेकीला हळद लागणार नाही.

"आवाजच पायजे ना तुला?" महेंद्र म्हणाला आणि माळ्यावर चढला.

माळ्यावरच्या ट्रंकेत एक कॅसेट होती. चांगुणाआत्याच्या हळदीला बाबांनी भरलेली, धवला कौसाबाईचाच. कॅसेटच्या सोबतीला एक जुना वॉकमन. त्याच्या पाठीवर जपान लिहिलेलं होतं, आतले स्क्रू मात्र उल्हासनगरचे वाटत होते. सेल घालून बटण दाबलं तर तोंडावर गोधडी घेऊन विहिरीच्या तळाशी बसलेल्या बाईचा आवाज आला. बाई कौसाबाई आहे एवढं कळत होतं. ती काय म्हणते ते तिचं तिला ठाऊक.

महेंद्रने वॉकमन उघडला आणि बायकोला, किर्तीला, रोगनिदान ऐकवलं. हे बघ, हे वाटाण्याएवढे पत्र्याचे डबे, हे कपॅसिटर. वीज जराशी साठवून ठेवायची नि वेळेला सोडायची, एवढंच यांचं काम. पण वय झालं की पोटातला रस झिरपतो, बाहेर येऊन तांबं खातो, आणि मग आवाज दबतो.

"म्हणजे म्हातारे झाले आणि कुणी बघितलं नाही त्यांच्याकडे," किर्ती म्हणाली. "अहो, मग कौसाआजींनाच जाऊन भेटा ना."

आजींचा आणि कपॅसिटरचा काय संबंध, असं विचारून तो उल्हासनगरला गेला.

तिथल्या दुकानदाराने जुने कपॅसिटर हातावर घेऊन निरखले. चालू टेप मिळेल का, असं महेंद्रने विचारल्यावर तो हसला; मिळाला तर मलाही आणून द्या, म्हणाला. मग पुडीत नवे मोजता मोजता चौकशी केली, "साईं, बजाना क्या है?"

"दादी का गाना है. शादी का."

"दादी नहीं रही?"

"है ना. अपनी ही गली में है."

दुकानदाराने त्याच्याकडे बघितलं, मग कपॅसिटरकडे बघितलं, आणि पुडी बांधली.

सोमवारी सुट्टी टाकून महेंद्र टेबलाशी बसला. जुन्या कपॅसिटरला सोल्डरिंगचं गरम टोक लागलं मात्र, घरभर सुकटाचा वास सुटला. रखमाबाईचा सोमवार. ती ओट्यावरून विचारत आली की उपासाच्या दिवशी सुकट कोन भाजतंय. कपॅसिटर गळका असला की तापवल्यावर असाच मासळीचा वास मारतो, हे महेंद्रने शास्त्रशुद्ध समजावलं. तिने यंत्रावर गोमूत्र शिंपडायचं सुचवलं. ते कसंबसं टळलं.

मग त्याने सांडलेला रस स्पिरिटने पुसला, खाल्लेल्या तांब्यावर केसाएवढी तार जोडली आणि एकेक नवा कपॅसिटर बसवला. कपॅसिटरला उलटसुलट कळतं. त्याला त्याच्या मानाच्या बाजूनेच बसवावं लागतं, नाहीतर फुगतो आणि फुटतो. महेंद्र प्रत्येकाची खूण बघायचा, पुन्हा बघायचा, मगच हात लावायचा. एवढा मान त्याने आयुष्यात कुणाचा ठेवला नव्हता.

भावनाने आपला छोटा स्पीकर जोडून दिला. बटण दाबलं, आणि विहिरीच्या तळाची बाई एकदम काठावर येऊन उभी राहिली. आधी बांगड्या वाजल्या. मग कुणाचं तरी तान्हं पोर रडलं. मग आवाज, लख्ख, पितळी घागरीसारखा:

*पयलं आवतान गो उल्हास मायला,*
*भरल्या पान्यानं ये गो नवरीला न्हायाला...*

रखमाबाई होती तिथे खाली बसली. महेंद्रने सगळ्यांकडे असं बघितलं, की नदी जणू त्यानेच वळवून आणली होती. आणि दुरुस्ती अशी अव्वल झाली होती, की पुढचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला:

*चांगुणा नवरी गो पाटावं बसली,*
*रामाच्या नावानं गालात हसली...*

"दादा," भावना म्हणाली, "माझ्या हळदीत रामभाऊमामांचं लग्न लावतोस काय?"

रामभाऊमामा म्हणजे चांगुणाआत्याचे यजमान. जांभूळला असतात, गुडघे दुखतात, हळदीला जेवायला येणार होते. पुन्हा बोहल्यावर चढायची त्यांची तयारी नसावी.

महेंद्र हरणारा नव्हता. त्याने मोबाइलवर एक ॲप लावून गाण्यातली नावं बदलून बघितली. *भावना नवरी* आणि *सनी नवरा* हे शब्द बँकेच्या फोनवरच्या बाईने म्हटल्यासारखे आले. मराठीसाठी दोन दाबा, एवढंच म्हणायची राहिली.

"धवल्यात ज्याचं त्याचं नाव येतंय," रखमाबाई म्हणाली. "मना ठावं व्हतं."

"मग आधी का नाय बोललीस?"

"तू इचारलंस कवा?"

संध्याकाळी महेंद्रने गल्ली ओलांडली. ती फार रुंद नव्हती.

कौसाबाई ओटीवर वाल निवडत होती. तिने मान वर केली नाही. त्याने वॉकमनचे हेडफोन हलकेच तिच्या कानांवर ठेवले आणि बटण दाबलं. सुपातला हात थांबला. थोड्या वेळाने ती गायला लागली. तिच्या कानात भर ज्वानीतली कौसाबाई गात होती, आणि महेंद्रला ऐकू येत होती ती समोरची, दात पडलेली, दमाने ओळ तोडणारी. मधेच एका ठिकाणी तिने कानातलीला "हळू गो बाय" म्हणून दटावलंही.

गाणं संपलं. तिने हेडफोन काढून सुपात ठेवले.

"आजी, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तेव्हा... अंगठा वर केला."

"कोनता?"

महेंद्रने उजवा अंगठा पुढे केला. कौसाबाईने तो गळका कपॅसिटर बघावा तसा बघितला.

"येतंय मी," ती म्हणाली. "पन आधी तुजा पुरा करनार. अर्धा सोडून दुसरा धरत नाय मी."

"आजी, माझं लग्न होऊन चार वर्षं झाली."

"तुला तसं वाटतंय."

हळदीच्या दिवशी मांडवात दोन पाट पडले. सनी नाव चालीत कसं बसवायचं, हे कौसाबाईने तोवर ठरवून टाकलं होतं: सनीराया. पण भावनाला जरा थांबायला सांगून तिने आधी महेंद्र-किर्तीला बसवलं. मांडीवर त्यांची पोरगी, तिलाही हळद. रामभाऊमामा गुडघा चोळत पहिल्या रांगेत. कौसाबाई मागच्या वेळी जिथे थांबली होती, तिथूनच तिने ओळ उचलली, आणि नदी निघाली. वाटेत तिला गावं भेटली, गुरं भेटली, पाण्याला आलेल्या पोरी भेटल्या; नदी प्रत्येकाशी बोलत, थांबत येत होती.

डीजेवाल्याने घड्याळ बघितलं. मग खुणेच्या आशेने महेंद्रकडे बघितलं.

महेंद्रने दोन्ही अंगठे मांड्यांखाली दाबून ठेवले होते.