शकुताईंची चेष्टा

आईच्या तेरवीची पंगत अजून उठायची होती, तेवढ्यात भय्यासाहेबांनी विषय काढला.

"प्रणोती, तुझ्या आईची ती नाटकाच्या तालमीची कॅसेट घरात असेल ना? तेवढी मंडळाला दे. रविवारच्या शोकसभेत नुसती भाषणं नकोत असं ठरवलंय मी. 'एक पद, चार गळे' असा कार्यक्रम करू. बुवांची जुनी तबकडी, रेडिओवरच्या बाई, ती पुण्याची नवी मुलगी आणि शेवटी आपल्या शकुताई!"

"आईला त्यांच्या रांगेत बसवताय?"

"मग! शेवटी जरा गंमतही हवी ना. लोक रडत घरी जायला नकोत." त्यांनी बोटं पुसली आणि शेजारच्या गृहस्थांकडे वळून विचारलं, "तुम्हाला ठाऊक आहे ना, शकुताईंची चेष्टा?"

ते गृहस्थ हसले. मग आपण कुठे जेवायला बसलो आहोत ते आठवून खोकले. प्रणोतीनं भय्यासाहेबांच्या भातावर न मागता वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.

जबलपूरच्या मराठी मंडळात हा किस्सा ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. 'संगीत छद्मवार्ता' नावाचं एक जुनं नाटक. त्यातला नायक बायकोची निष्ठा पारखायला वेष पालटून येतो आणि तिला स्वतःच्याच मरणाची बातमी सांगतो. ती कुंकू पुसते, बांगड्या फोडते. मग हा दाढीमिशा काढून हसत सुटतो, म्हणतो, चेष्टा केली गं! त्यावर ती गाते:

पुरे ही चेष्टा, नाथा,
कुंकू पुसुनी उभी तुम्हांपुढे, हसता कैसे आता?

पद इतकं गाजलं की नाटक विसरलं गेलं तरी पद उरलं. एक्याण्णव सालच्या गणेशोत्सवात मंडळानं ते नाटक बसवलं. दिग्दर्शक भय्यासाहेब, नायकही भय्यासाहेब. ते वकील, पुण्याला शिकून आलेले. मंडळात मराठीचा शब्द वाकडा पडला की तो सरळ करायचा अधिकार त्यांचाच. नायिका प्रणोतीची आई, शकु पाथोडे. माहेर अमरावतीकडचं, शिक्षण सगळं जबलपूरला हिंदी शाळेत, नोकरी फॅक्टरीच्या हजेरी कचेरीत. तालमीत आईनं ते पद असं म्हटलं की ऐकणारे दचकले. लाडिक नाही, लटका रुसवा नाही. रागानं म्हटलं. आणि भय्यासाहेबांनी तिथल्या तिथे निदान केलं: शकुताई हिंदीत शिकलेल्या. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यांना वाटलं, बाई म्हणतेय, पुरे झाले तुमचे प्रयत्न!

एवढाच किस्सा. पण तो चौतीस वर्षं चालला. हळदीकुंकवाला आई दारात दिसली की कोणीतरी म्हणायचं, "आल्या बरं, चेष्टाबाई!" नव्या सुनांना तो सांगितला जायचा, नागपूरहून पाहुणे आले की त्यांना सांगितला जायचा. आई ओठ न उघडता हसायची. नाटकात मात्र तिनं त्यानंतर काम केलं नाही. प्रयोग जेमतेम पार पडला. पुढच्या वर्षी मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा तिनं ड्यूटीचं कारण सांगितलं, आणि नंतर बोलावणंच येईना.

प्रणोतीनं कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं, "आई, तू खरंच चुकली होतीस?"

"भाजी जळून राहिली, बघ," आई म्हणाली होती.

भाजी जळत नव्हती. प्रणोतीला ते तेव्हाही दिसलं होतं. पण तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि किस्सा खरा धरला. नुसता धरला नाही, तर नागपूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागल्यावर दर वर्षी वर्गात सांगितला. दोन भाषांत एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे होतात याचं उदाहरण म्हणून. आईचं नाव न घेता. मुलं खूप हसायची.

कॅसेट आईच्या कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली, रुमालात गुंडाळलेली सापडली. कांचघर मोहल्ल्यातल्या त्या घरात ती वाजवायला काही उरलं नव्हतं. प्रणोतीच्या भावानं, बंटीनं, टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात दिला होता. "नथ्थूचाचांकडे असेल," तो म्हणाला. "त्यांच्याकडे सगळं जुनंपुराणं असते."

नथ्थूचाचा गढा मोहल्ल्यात राहायचे. एकेकाळी मंडळाच्या प्रत्येक नाटकाला तबला त्यांचाच. मराठी कळायचं सगळं, बोलायचे मात्र हिंदीत. त्यांनी खाटेखालून टेपरेकॉर्डर काढला, कापडानं पुसला, कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फीत ताणून घेतली.

"पहले बाकी तीन सुन लो, बिटिया," ते म्हणाले. "फिर दीदी को सुनना."

प्रणोतीनं फोनवर तिन्ही लावली. बुवा स्त्री भूमिका करणारे, त्यांचा आवाज तबकडीच्या खरखरीतूनही मधासारखा. 'चेष्टा'वर ते अशी मुरकी घेत की शब्दाच्या पायात पैंजण आहेत असं वाटावं. रेडिओवरच्या बाईंची तयारी अफाट. 'नाथा'वर तीन मिनिटं तानांची आतषबाजी, आणि ती संपेपर्यंत कोण मेलं होतं नि कोण जिवंत झालं याचा ऐकणाऱ्याला विसर पडावा. पुण्याची मुलगी हळू, श्वासात गात होती. गाताना हसत होती. ते हसू ऐकू येत होतं. तिघंही कसलेले, तिघंही सुरेल. आणि तिघांनाही ती बाई नुकतीच विधवा झाली होती हे आठवत नव्हतं.

इतक्या वेळा ऐकलेलं पद. पण तेरा दिवसांपूर्वी पहाटे बंटीचा फोन आला होता आणि त्यानं एक वाक्य सांगितलं होतं. ते सांगून तो मागाहून हसला असता तर? प्रणोतीनं फोन उलटा ठेवला.

"अब लगाऊँ?" नथ्थूचाचांनी विचारलं.

आधी पेटी. मग आईचा आवाज, बेचाळीस वर्षांचा, म्हणजे आजच्या प्रणोतीहून लहान. 'पुरे' ती सरळ म्हणत होती. 'चेष्टा'वर मुरकी नाही, काही नाही. त्या 'ष्टा'वर ती नुसती उभी राहत होती, दार अडवून उभं राहावं तशी. 'हसता कैसे आता' म्हणताना सूर किंचित उतरला होता. ते तिला कळलं असावं, कारण दुसऱ्यांदाही तिनं तो तसाच उतरवला. मागे तबला थांबल्यासारखा झाला आणि पुन्हा चालू झाला.

"यहाँ हमारा हाथ रुक गया था," नथ्थूचाचा म्हणाले. "बीस साल में पहली बार."

पद संपलं. प्रणोतीनं डोळे पुसले आणि बंद करायला हात पुढे केला.

"रुको," ते म्हणाले. "आगे है."

टेप चालूच होती. खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग भय्यासाहेब. "शकुताई, अहो भांडायला उठल्यासारखं काय गाताय? चेष्टा म्हणजे हिंदीतली चेष्टा नव्हे. प्रयत्न नव्हे हो. थट्टा, थट्टा!"

हशा.

मग आई, अगदी शांत: "थट्टाच म्हणून राहिली मी. कळते मले. मेल्याची खबर आणली त्यानं. कुंकू पुसलं तिनं. अन् आता तोच म्हणते, थट्टा केली. तिले राग नाही येणार तं काय येणार?"

मग भय्यासाहेब: "बाई, हे संगीत नाटक आहे, फॅक्टरीची युनियन नव्हे."

आता मात्र हशाचा नुसता स्फोट. त्यात एक हसणं प्रणोतीला ओळखू आलं. श्वास आत ओढत, हिसके देत हसणारं. बाबांचं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

खट्. टेप संपली.



"तुम्ही तिथे होता," प्रणोती म्हणाली. "आईनं तेव्हाच सांगितलं होतं. सगळ्यांसमोर. मग एवढी वर्षं कोणालाच का नाही सांगितलंत?"

"हमसे किसने पूछा, बिटिया?" नथ्थूचाचांनी फीत परत गुंडाळायला घेतली. "हँसी तो हिंदी पर थी. हम हिंदी वाले, ऊपर से तबलची. हम क्या मराठी का मतलब समझाते उनको?" मग थोड्या वेळानं, "तुमने पूछा था दीदी से?"

जळत नसलेली ती भाजी प्रणोतीच्या डोळ्यांपुढे होती.

रविवारी पाच वाजता मंडळाचा हॉल भरला. टेबलावर आईच्या फोटोला हार, समोर उदबत्ती. शेवटच्या खुर्चीवर नथ्थूचाचा. कॅसेट प्रणोतीनं भय्यासाहेबांना दिली नव्हती. फोनवर भरून घेतलेलं तेवढं पद पाठवलं होतं, पुढचं नाही. का, ते तिचं तिला पुरतं ठरवता आलं नव्हतं. हा माणूस आयत्या वेळी गप्प बसतो का, हे तिला बघायचं असावं. तसं झालं असतं तर ती पिशवीतला नथ्थूचाचांचा टेपरेकॉर्डर पिशवीतच ठेवणार होती.

भय्यासाहेब ब्याऐंशीचे, पण माइक हातात आला की साठीचे व्हायचे. तिन्ही गळ्यांवर ते छान बोलले. बुवांच्या मुरकीला त्यांनी मोगऱ्याची कळी म्हटलं. मग आईचं पद लागलं. लोक ऐकत होते. पुढच्या रांगेतली एक बाई पदर मुठीत धरून स्तब्ध झाली होती, ते प्रणोतीनं पाहिलं.

पद संपलं आणि भय्यासाहेब हसले.

"आता यातली गंमत सांगतो," ते म्हणाले. "आमच्या शकुताई हिंदी शाळेतल्या. बिचाऱ्यांना वाटलं..."

हॉल हसला. फार नाही, हार घातलेल्या फोटोसमोर जेवढं हसतात तेवढं. पदर मुठीत धरलेली बाईही हसली.

आभाराचे दोन शब्द प्रणोतीनं बोलायचे होते. ती उठली, टेबलावर लोळणारा फोटोचा हार थोडा बाजूला सारून टेपरेकॉर्डर ठेवला आणि माइक त्याच्यापुढे धरला.

"पदाच्या पुढचा भाग राहिला होता," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

सगळं वाजलं. थट्टाच म्हणून राहिली मी. कळते मले. युनियन. हशा. बाबा. खट्.

"अगं..." भय्यासाहेबांनी हात वर केला. "प्रणोती बेटा, ती गंमत होती. तालमीतली गंमत. इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"नाटकातला नाथही हेच म्हणतो," प्रणोती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात बोलायची तशीच ती बोलत होती. "माझी आई चुकली नव्हती. या हॉलमधल्या निदान वीस जणांनी ते तेव्हाच ऐकलं होतं. भय्यासाहेब, तुम्ही तर उत्तरही दिलंत. म्हणजे तुमची गैरसमजूत नव्हती. त्या पदाचा अर्थ तुमच्यापेक्षा एका हजेरी क्लार्क बाईला जास्त कळला, हे तुम्हाला सोसलं नाही. म्हणून तुम्ही तिला अडाणी केलंत. बाबा हसले. आणि मी हा किस्सा बावीस वर्षं वर्गात सांगितला. उद्यापासून तो काय म्हणून सांगायचा, तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघते."

"ये क्या तरीका है!" भय्यासाहेब ओरडले, आणि आपण हिंदीत ओरडलो हे त्यांच्या ध्यानात येण्याआधी मागच्या रांगेत एक तरुण फिसकन हसला. प्रणोतीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बघू लागला. हे हसणंही तिला नको होतं.

भय्यासाहेब सावरले. खुर्चीच्या पाठीला धरून, हळू म्हणाले, "बरं. झालं ते झालं. ती कॅसेट मंडळाच्या संग्रहाला दे. जपून ठेवू. माझा शब्द आहे."

"तुमचाच शब्द चाललाय चौतीस वर्षं," ती म्हणाली. तिनं कॅसेट काढली, आईच्या रुमालात गुंडाळली, फोटो टेबलावरून उचलला आणि हारासकट काखेत घेतला. कोणी अडवलं नाही. बंटी खुर्चीतून अर्धवट उठला आणि कोणाकडे बघावं ते न कळून तसाच उभा राहिला.

बाहेर कमानिया गेटकडची गर्दी. नथ्थूचाचांनी ऑटो थांबवली, हॉलमधून उचलून आणलेला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले. ऑटो दोनदा अडकली, दोनदा सुटली. हारातली फुलं प्रणोतीच्या मांडीवर गळत होती.

"जाने दो, बिटिया," नथ्थूचाचा म्हणाले. "बोल दिया ना. अब गुस्सा थूक दो."

"नाही थुकणार, चाचा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तिनं गिळला तो. जन्मभर, तोंड मिटून हसत. मी एकदाच विचारलं, अन् ती म्हणाली भाजी जळून राहिली, अन् मी भाजी बघायला गेली." कित्येक वर्षांत ती अशी बोलली नव्हती, आईसारखी. "माझ्याजवळ राहू द्या तो थोडे दिवस."

टेपरेकॉर्डरच्या पाठीवर नथ्थूचाचांच्या बोटांनी ठेका धरला, आणि जिथे तो चौतीस वर्षांपूर्वी थांबला होता, तिथे थांबवला.