अकरा तुकड्यांचा पंप

पडद्यावरची हातोडी पुन्हा खाली आली, पंपाच्या बिडाच्या कवचाचे अकरा तुकडे झाले आणि आतून दाण्यादाण्यांचं निळं पाणी उसळलं. हैबतरावांनी समाधानानं खुर्चीत अंग टाकलं.

"बघितलंत? सखानं हातोडी मारली नसती तर काही झालं नसतं. कंप्युटर खोटं बोलत नाही."

पुंडलिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोह्याच्या या कारखान्यात तो वीस वर्षं फिटर होता आणि हैबतराव त्याचे मॅनेजर. जाम झालेला पंप हातोडीनं ठोकला नाही असा एक ऑपरेटर इथे दाखवावा! हैबतराव स्वतःच 'ठोक रे दोन' म्हणून निघून जायचे. आणि आता पंप फुटून कढत कॉस्टिक सोडा ऑपरेटर सखाच्या डोळ्यांत उडाला, तर दोष एकट्या सखाचा? त्यासाठी मुंबईहून जितेश नावाचा इंजिनियर आणला, त्याच्या मागोमाग भलामोठा कंप्युटर आला. चौकशीच्या कागदावर सही तेवढी राहिली होती.

वाईट याचं, की सखालाही ते पटलं होतं. काल पूल ओलांडून पुंडलिक नदीपलीकडच्या अष्टमी गावात त्याच्या घरी गेला, तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेला सखा म्हणाला, "माज्याच हातानं झालं रं. कंपनीला काय बोल लावायचा?" त्याची बायको रंभा तोंडाला पदर लावून आत गेली. पुंडलिकला हैबतरावांचा राग होताच, त्याहून जास्त स्वतःचा होता. का, ते अजून तो कुणाला बोलला नव्हता.

त्यानं पायाशी ठेवलेलं घमेलं उचलून टेबलावर आदळलं. भंगारातून वेचलेले कवचाचे अकराही तुकडे त्यानं रविवारभर बसून वाळूत टेकवले होते आणि बाहेरून शाडू लावून सांधले होते. सासुरवाडी पेणची, गणपतीच्या कारखान्याची. मूर्तीचा मोडलेला हात सांधायच्या आधी मेहुणा दोन्ही कडा उजेडात धरून बघायचा. ती सवय यालाही लागली होती.

"साहेब, तुमच्या पिच्चरमंदी हे तुकडे एकमेकांना कशानं चिकटवल्यात?" त्यानं जितेशला विचारलं.

जितेशला प्रश्न आवडला असावा. "आधी अखंड कवच काढतो, मग त्याचे तुकडे पाडतो आणि परत सांधतो. प्रत्येक सांध्याला ताकद द्यावी लागते. त्याहून जास्त जोर आला की सांधा सुटतो."

"सगळ्यांना सारकीच ताकद?"

"हो. बीड धडधाकट धरलंय."

"मंग ह्ये बगा." पुंडलिकनं खालचे दोन तुकडे सोडवले. बाकीच्या कडा राखाडी, खरखरीत, ताज्या मोडलेल्या. या दोन कडांवर मात्र पंपाचा बाहेरचा हिरवा रंग अर्ध्या जाडीपर्यंत आत झिरपला होता. "फुटल्यावर आत रंग कोण मारील? हितं तडा आधीच व्हता. तुमी त्यो सांधून टाकलाय."

जितेशनं कडेवरून बोट फिरवलं. मग त्यानं पडद्यावर त्या एका सांध्याची ताकद कमी केली आणि हातोडी वगळून टाकली. नुसता पंप चालू केला, रोजच्या दाबानं. कवच त्याच जागी फाटलं.

"बंद करा ते!" हैबतराव ओरडले. "आणि पुंडलिक, रंग कुणी मारला तेही सांगा की!"

गप्प बसला असता तर नोकरी राहिली असती.

"मी मारला. मोठे साहेब बगायला येणार व्हते. तडा दावला तवा तुमीच बोल्लात, नवीन कवच नाय, रंग मार. मी मारला. लिवा माजं नाव, पन सखाचं काडा."

चार दिवसांनी निलंबनाचा कागद पुंडलिकच्या हातात पडला. 'तडा लपवल्याबद्दल.' हैबतरावांचं नाव त्यात औषधालाही नव्हतं. सखाचंही नव्हतं. कारण जितेशनं आपल्या अहवालातून हातोडी काढून टाकली होती.

पुंडलिक तडक अष्टमीला गेला. पिशवीतला तुकडा त्यानं सखाच्या हातात दिला.

सखाचा अंगठा कडेवरून सरकत गेला आणि थांबला. "हितं गुळगुळीत लागतंय."

"रंग हाय. तडा आधीचाच व्हता. तुज्या हातानं नाय झालं."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

रंभानं दोघांपुढे चहा ठेवला. पुंडलिकनं सखाचा कप उचलून त्याच्या हाताला लावला. सखानं तो घेतला नाही. त्याचा अंगठा त्या गुळगुळीत कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता.