पांढरं विरघळतं, काळं उरतं

त्या रविवारी अमेरिकेतल्या श्रूजबरीत देवदत्तच्या बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काचेच्या बोलमध्ये एक पांढराफटक दगड होता. देवदत्तने त्यावर ‘तीर्थ’ ओतलं आणि दगड फसफसू लागला. कापूर आणि केवड्याच्या वासाने डोकं गरगरत होतं.

“क्षीरसागराच्या तळचा दगड आहे हा! आजार ओढून घेतोय बघा,” देवदत्त गरजला. “पांढरं विरघळेल, आतून काळं निघेल. ते काळं म्हणजे रोगाचं मूळ!”

तासभर आरत्या झाल्या. पांढरा थर खरंच गेला, आत काळाभोर दगड निघाला! कमलामावशींनी डोळे पुसले. रेणूने तर लोटांगणच घातलं, कारण दगड तिच्या नवऱ्यासाठी, केदारसाठी ठेवला होता.

केदारला कॉलेजपासून फिट्स यायच्या. पहिली आली तेव्हा त्याला कुशीवर वळवून हात धरून बसलेला रूममेट म्हणजे हाच देवदत्त. त्यामुळे “आता गोळ्या बंद कर यार, गरज नाही,” असं तो म्हणाला तेव्हा नवराबायको दोघांनीही शंका घेतली नाही.

नवव्या दिवशी केदार चहा करता करता कोसळला. उकळता चहा हातावर सांडला, डोक्याला सात टाके पडले. गोळ्या चुकल्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. रेणूला मान वर करवेना.

शेजारची भावना कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. ती खिचडी घेऊन आली आणि खिडकीतला काळा दगड पाहून थबकली.

“हा फ्लिंट कुठून आणलास?”

रेणूने सगळं सांगितलं. भावना घरी जाऊन तसाच एक पांढरा दगड घेऊन आली. रेणूच्याच ओट्यावरच्या व्हिनेगरमध्ये तो टाकला. फस्स!

“यात कोणाचा आजार उतरतोय?” भावनाने विचारलं. “इंग्लंडच्या किनाऱ्यावर खडूचे पांढरे कडे आहेत. सूक्ष्म जीवांच्या कवचांचा तो खडू, आणि त्याच्या पोटात ही गारगोटीची जात, फ्लिंट. समुद्र कडा खातो, खडू वाहून जातो, फ्लिंट किनाऱ्यावर उरतो. ॲसिडमध्येही तसंच. खडू विरघळतो, फ्लिंटला काही होत नाही.”

देवदत्त मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने इंग्लंडला गेला होता. केवडा कशासाठी, तेही रेणूला आता कळलं. ‘तीर्था’तल्या व्हिनेगरचा वास मारायला.

पुढच्या रविवारी तिने भरल्या बेसमेंटमध्ये स्वतःच्या हाताने तसल्याच पांढऱ्या दगडावर व्हिनेगर ओतून दाखवलं. तोही तसाच फसफसला.

“खडू आहे, मला माहीत होतं,” देवदत्त हळूच म्हणाला. “पण लोकांना बरं वाटतं, रेणू. श्रद्धा असते.”

“केदारच्या फिट्सही तुला माहीत होत्या. आमच्या सगळ्यांच्या आधी.”

परक्याने फसवलं असतं तर तिने चार शिव्या घातल्या असत्या; याला द्यायला तिच्याकडे शिवीही नव्हती.

ती कमलामावशींकडे वळली. देवदत्तच्या सांगण्यावरून त्यांचं इन्सुलिन कालपासून बंद होतं.

“मावशी, दगडाला खडूचा थर असतो, तो जातो. आपला आजार त्यात उतरत नाही. देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पण औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि सांगणारा कितीही जवळचा असो, ‘कसं?’ एवढं विचारा. मी विचारलं नाही.”

मावशींनी पर्स उचलली. “मला घरी सोड गं,” त्या म्हणाल्या. “इंजेक्शन घ्यायचंय.”