बाखकडे जाताना गमबूट

"मावशी, बाखमध्ये मासे असतात का?"

आर्विटच्या एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात फुलपाखरं पकडायची जाळी होती. त्याच्या मागे यूला, खांद्यावर टॉवेल टाकून. आणि बालवाडीच्या दारात जमलेल्या सगळ्या कंपनीच्या पायांत गमबूट. वर आभाळ एकदम स्वच्छ.

रोझविटाने कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती. काल घरी सोडताना ती पोरांना म्हणाली होती, "उद्या आपण बाखकडे जायचं हं." आता त्यांच्या जर्मन भाषेत बाख म्हणजे ओढा. याच मुलखात बाख आडनावाचा एक बुवा तीनशे वर्षांपूर्वी संगीत रचून गेला, हे पाच वर्षांच्या पोराने आईला कसं सांगावं? पोरांनी सांगितलं, ओढ्यावर जायचंय. आयांनी गमबूट चढवले, टॉवेल दिले.

बरं, पोरांच्या डोक्यात हे भरवलं कुणी? रोझविटानेच. बालवाडीच्या कपाटात संगीतकारांची विकतची पुस्तकं होती. प्रत्येक पानावर जन्मसाल, केसांचा टोप आणि आंबट चेहरा. पोरं दुसऱ्या पानालाच उठून जायची. मग तिने स्वतःच रंग घेऊन पुस्तकं करायला घेतली. तिच्या पुस्तकांत हँडेल घरातला झगा घालून होडीत बसतो, टेलेमानच्या बागेत तुताऱ्या उगवतात आणि बाख हा चक्क टोप घातलेला ओढा असतो. तो चर्चमधल्या ऑर्गनच्या उंच नळ्यांतून निघतो, जिन्यावरून उड्या मारत खाली येतो, बाकांखालून वाहतो आणि बसलेल्यांचे पाय भिजवतो. ते पुस्तक इतक्या हातांतून गेलं होतं की त्याचे कोपरे गोल झाले होते.

"घरी पाठवून बूट बदलून आणायचे का?" फ्रान्सीने विचारलं. ही बालवाडीतली नवी बाई, रोझविटाच्या जागी येणारी.

"नको गं बाई. वाक्समुटांनी एकदाचं हो म्हटलंय. त्यांना हो म्हणायला लावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उशीर झाला तर फिरतील."

वाक्समुट म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. बालवाडीतल्या पोरांना वरच्या सज्जात, ऑर्गनजवळ, त्यांनी आजवर फिरकू दिलं नव्हतं.

रोझविटा या महिन्यात निवृत्त व्हायची होती. त्याचं तिला फारसं वाटत नव्हतं. वाटत होतं ते कानांचं. गेल्या हिवाळ्यापासून कान जात चालले होते. यंत्र लावलं की माणसांचं बोलणं कळायचं, पण ऑर्गन म्हणजे नुसती पत्र्याची खडखड. ज्या बाखची तिने गावभर पोरांशी ओळख करून दिली, त्याने तिच्याशीच बोलणं टाकलं होतं. आज पोरांबरोबर सज्जात बसून एकदा शेवटचं ऐकून बघायचं. नाहीच आलं, तर पुस्तकं फ्रान्सीच्या हवाली करायची आणि पुन्हा त्या दारात पाऊल ठेवायचं नाही. एवढं फक्त फ्रान्सीला माहीत होतं.

परवाच्या पावसाची डबकी रस्त्यात होती. पोरांनी त्यातलं एकही सोडलं नाही.

चर्चच्या जिन्यापाशी एकार्टबाई उभ्याच होत्या. चर्चची झाडलोट, किल्ल्या, फुलं, सगळं त्यांच्याकडे.

"या चिखलासकट एक पाय वर जायचा नाही," त्या म्हणाल्या. "काल गुडघे टेकून सगळ्या लाकडाला मेण लावलंय मी."

"अहो एकार्टबाई, पाच वर्षांची पोरं आहेत."

"मग? पाच वर्षांच्या पोरांचा चिखल वेगळा असतो होय? काढा बूट. तुम्हीसुद्धा, रोझविटा. बघा बुटांच्या तळांना काय लागलंय ते."

रोझविटाने वाद घातला नाही, कारण बाई खोटं बोलत नव्हत्या. सगळ्यांनी बूट काढून भिंतीशी लावले.

"मावशी, तुझा अंगठा मोज्यातून बाहेर आलाय," यूला म्हणाली.

"येऊ दे. त्यालाही ऐकायचंय."

वर वाक्समुट पाठ करून बसले होते. त्यांच्या डोक्यावर एक छोटा आरसा होता, मागचं दिसावं म्हणून. त्या आरशातूनच त्यांनी पोरांना दम दिला. "बोलायचं नाही. पळायचं नाही. कशाला हात लावायचा नाही."

"आणि मासे?" आर्विटने विचारलं.

"काय?"

"काही नाही हो," रोझविटा घाईने म्हणाली. "तुम्ही वाजवा."

ते वाजवू लागले. रोझविटाच्या कानांत तीच खडखड सुरू झाली. थोडा वेळ तिने सोसली, मग यंत्रं काढून खिशात टाकली. आता काहीच नव्हतं. वाक्समुटांची बोटं पळताना दिसत होती, पोरांचे चेहरे दिसत होते. संपलं तर मग, तिने मनाशी म्हटलं, आणि निदान पोरांपुरतं तरी म्हणून बरोबर आणलेल्या पुस्तकातलं ओढ्याचं पान मांडीवर उघडलं.

तेवढ्यात वाक्समुटांचे पाय खालच्या, पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर गेले.

आधी तळव्यांना कळलं. लाकूड हललं. मग ते घोट्यांत आलं, पोटऱ्यांत आलं, थांबलं, सुरांची एक पायरी उतरून पुन्हा आलं. पुढची पायरी कोणती हे तिला माहीत होतं, आणि तीच आली. जाड तळाचे बूट घालून ती जन्मभर इथे येत होती, आणि हा बाबा पायांखालून असा जातो हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिला रडू आलं. पोरांसमोर रडायचं नाही हा तिचा नियम होता, तो तिने मोडला. गमबूट चढवणाऱ्या आयांचे आणि मेणासाठी भांडणाऱ्या एकार्टबाईंचे तिने मनातल्या मनात आभार मानले. पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही असं कोण म्हणत होतं, ते तिला आठवेना.

आर्विट फळ्यांवर पालथा पडून फटीतून खाली बघत होता. यूलाने रोझविटाची बाही ओढली. तिच्या ओठांवरून रोझविटाला कळलं. मावशी, आलं पाणी.

"आलं ना?" रोझविटा म्हणाली. आपला आवाज किती मोठा झाला, हे तिला कळलं नाही.

वाक्समुटांनी दचकून आरशात पाहिलं. आता ओरडतील म्हणून फ्रान्सीने पोरांना जवळ ओढलं.  पण वाक्समुटांनी वाजवता वाजवता ती सगळी मोज्यांची रांग पाहिली, फळ्यांवर घट्ट टेकलेले पाय पाहिले, रोझविटाचे डोळे पाहिले.

शेवटचा सूर आला. तो किती लांबवायचा असतो हे रोझविटाला पाठ होतं. तेवढा वेळ झाला. वाक्समुटांनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले.

पण तिच्या तळव्यांखालचं लाकूड थांबलं नाही. तिने वाकून पाहिलं. वाक्समुटांनी डावा पाय खालच्या पट्टीवरून उचललाच नव्हता.